लाघव

साताऱ्याच्या घरी तीर्थरूप रोज पहाटे आमच्याकडून माहेश्वर सूत्रे म्हणवून घेत. ‘अच्’ म्हटले की सारे स्वर, ‘हल्’ म्हटले की सारी व्यंजने; चौदा सूत्रांतून दोन टोके धरावयाची, की मधला सर्व वर्ग हाती येई. आम्हांस इंग्रजी विद्येची घमेंड. अर्ध्या मात्रेच्या बचतीने पुत्रजन्माइतका हर्ष मानणारे वैयाकरण आमच्या थट्टेचा विषय होते.

पन्नाशी उलटल्यावर सांगलीस आम्ही एका जुन्या संगणकावर डेबियन प्रणाली चालवू लागलो. तिच्या भांडारातील हजारो पॅकेजांतून हवे ते शोधून देणारा ॲप्टिट्यूड नावाचा कारभारी आहे. त्याची भाषा पाहून आम्ही चकित झालो. टिल्डाच्या नागमोडी रेघेपुढे ‘आय’ लिहिला की यंत्रावर बसविलेली सर्व पॅकेजे. ‘एन’ लिहिला की नावात शोध. ‘डी’ लिहिला की वर्णनात. दोन खुणा शेजारी ठेवल्या की दोन्ही अटी लागू, आणि आधी उद्गारचिन्ह दिले की नकार. मराठी शब्दकोशाच्या पॅकेजाच्या नावात ‘एम-आर’ एवढीच खूण असते. पण नावात ती दोन अक्षरे शोधावी, तर ती जेथे जेथे लागून येतात ती सारी पॅकेजे पुढे उभी राहतात. म्हणून आम्ही वर्णनात ‘मराठी’ शोधावयाचे ठरविले.

शब्दकोश काही दिसेना. आम्ही वर्गात मोठ्या खेदाने सांगून टाकले की, या एवढ्या भांडारात मराठीच्या शुद्धलेखनाची कोणी दखलही घेतलेली नाही. (खेद व्यक्त करण्याची संधी प्राध्यापक सहसा दवडीत नाहीत.) तास संपल्यावर एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, आपण ‘डी’ मोठ्या लिपीतला घातलात का?” घातला होता! मोठ्या ‘डी’चा अर्थ वर्णन नव्हे, अमुक पॅकेजावर अवलंबून असणारी पॅकेजे, असा तो आहे. धाकटा ‘डी’ घालताच मराठीचा शब्दकोश समोर आला.

सूत्रांत ‘ण्’ दोनदा येतो. पहिला धरला तर ‘अण्’ म्हणजे अ, इ, उ; दुसरा धरला तर सर्व स्वर आणि ह, य, व, र, ल. “कोणता ण्?” असे तीर्थरूप विचारीत, आणि आम्ही कंटाळून खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे पाहत असू. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांच्या हयातीत कधी धड दिले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आपली चूक सांगितली आणि फळ्यावर दोन्ही ‘डी’ लिहिले. त्यांखाली दोन्ही ‘ण्’ही लिहिले.