भिंगाची की आरशाची?

माजिवड्याला पुरती रात्र होतच नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरून घोडबंदर रस्ता फुटतो तिथले दिवे, मॉल, टॉवरांचे फोकस यांचा तांबूस उजेड वर चढतो आणि कृत्तिकांचा पुंजका शोधावा लागतो. त्यामुळे सोसायटीतला नववीतला मुलगा जेव्हा विचारतो, "काका, दुर्बीण कुठली घेऊ, भिंगाची की आरशाची?", तेव्हा मला किमतीच्या आधी हे आकाश आठवतं.

माझं प्रेम आरशावर. भिंगाच्या दुर्बिणीत रंग आवरायला दोन काचा जोडतात, म्हणजे चार पृष्ठभाग घासायचे, आरशाला एकच. म्हणून तेवढ्याच पैशात तो मोठा मिळतो, आणि १५० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या साडेचार पट प्रकाश गोळा करतो. शिवाय महाराष्ट्राची आरशाशी ओळख जुनी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण आरशाचीच होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. पुढे ती कोडाईकनालला गेली. पुण्यातून ती गेली, याची हळहळ मला आजही वाटते.

पण माजिवड्यात हा मोठा आरसा दिव्यांचा उजेडही तितक्याच इमानाने गोळा करतो. धूसर तेजोमेघ त्या उजेडात बुडालेलेच राहतात. त्यात आपली दमट हवा. उघड्या नळीतल्या आरशाचा ॲल्युमिनियमचा मुलामा हळूहळू काळवंडतो, आणि स्क्रू फिरवून आरसे एका रेषेत आणायचं काम अधूनमधून करावंच लागतं. बुरशी भिंगालाही धरते, पण नळी बंद असते. झाकण लावून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ती पावसाळाभर कपाटात ठेवता येते.

आणि ७० मिलिमीटरचं भिंग काय दाखवतं! अष्टमीचा चंद्र गच्चीवरून बघावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर अपेनाइन्सची रांग उभी असते. पायथ्याला अजून रात्र, आणि पलीकडच्या काळोखात नुसती शिखरं सुटी-सुटी उजळलेली. चंद्राच्या कडेला बारीकशी जांभळी किनार येते, स्वस्त भिंगाची ती खूण. येऊ दे. गुरूचे चार चंद्र दिसतात, शनीचं कडं दिसतं. ते बघताना माणूस नकळत श्वास रोखतो. या ग्रहांना महामार्गाचे दिवे पुसू शकत नाहीत.

म्हणून त्याला म्हटलं, "आधी भिंगाची घे. स्टँड मात्र भक्कम बघ, हलत्या दुर्बिणीत शनी नाचतो. आणि अमावास्येच्या सुमाराला बाबांना घेऊन वांगणीला जा. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होतात. मोठ्या आरशातून मृगातला तेजोमेघ बघ, देवयानी बघ. मग ये, आरसा किती इंची घ्यायचा ते बोलू."