पोर्ट लुईचा घाट

'घाट' या शब्दाचे तीन अर्थ आम्ही वर्गात नेहमी सांगतो : डोंगरातून उतरणारी वाट, नदीकाठच्या पायऱ्या आणि एखाद्या वस्तूची घडण. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या बंदरालगत, जो 'आप्रवासी घाट' आहे, तिथेही पायऱ्या आहेत. पण त्या स्नानसंध्येसाठी बांधलेल्या नव्हेत. बोटीतून उतरलेली माणसे त्या चढून वर येत आणि वर त्यांची नोंद होई. पूर्वी लोक त्याला 'कुली घाट' म्हणत. हे नाव कानाला बोचते, पण खरे तेच होते असे आम्हांला वाटते.

आमचे जहाज रियुनियनहून रात्रीत येऊन सकाळी धक्क्याला लागले होते. सहप्रवासी बहुतेक समुद्रस्नानाला किंवा शामारेलची सातरंगी माती पाहायला गेले. आम्ही दोघे शहरातच राहिलो. वाळू आणि माड आपण कोकणात पुष्कळ पाहिले आहेत, असा थोडा अहंकारही त्यामागे होता.

1835 मध्ये या बेटावरील गुलामगिरी संपुष्टात आली. पण उसाला माणसे हवीच होती. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून येथे आणले गेले : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. हा डेपो 1849 मध्ये उभा राहिला. आज त्यातला थोडाच भाग उरला आहे. त्यावरून हमरस्ता गेला आहे. काळ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकाची जागा, शौचकूप, रुग्णालयाचे दार, आणि त्या पायऱ्या. 2006 मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा ठरवले. नवे मजूर येथे साधारण दोन दिवस राहत. मग मळेवाले त्यांना घेऊन जात.

शेजारच्या संग्रहालयात आम्ही बराच वेळ रेंगाळलो. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहीत. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव कागदावर उतरले आणि पुढे तेच पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव झाले. 'स्थलांतरितांचे साहित्य' या शीर्षकाखाली आपण जे शिकवतो ते बहुधा पदवी घेऊन विमानाने गेलेल्यांचे असते. या माणसांची संहिता म्हणजे नोंदवहीतली एक ओळ, आणि तीही दुसऱ्याने लिहिलेली. हिंदीला निदान अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' आहे, तीही पुढच्या पिढीतल्या मॉरिशसकराने लिहिलेली. आम्ही आजवर शिकवलेल्या एकाही मराठी अभ्यासक्रमात हे लोक आलेले नाहीत. आणि त्यांच्यात रत्नागिरीकडचे तर कितीतरी होते.

दुपारी बाजारात दालपुरी खाल्ली, 'अलूदा' प्यायलो. (हा आपला फालुदाच, समुद्र ओलांडताना एक व्यंजन गळले.) परतताना मिळालेल्या टॅक्सीच्या चालकाने आमचे बोलणे ऐकले आणि आरशातून पाहत म्हणाला, "हम भी मराठी." घरी क्रिओल, गिऱ्हाइकाशी फ्रेंच, आमच्याशी हिंदी. मराठी त्याला बोलता येत नव्हती. पण गणपतीची आरती त्याने अडखळल्याशिवाय म्हणून दाखवली. गणेशचतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने अभिमानाने सांगितले. मुलगी शाळेत मराठी घेते. पुढे मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकेल म्हणतो.

मग त्याने विचारले, तिकडे तर सगळी मुले मराठी शाळेतच जात असतील ना?

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "काही जातात," आमच्यातले एक जण म्हणाले. दुसऱ्याने विषय बदलून गणपतीत ते काय काय करतात असे विचारले. रात्रभर 'झाकरी' गातात, नाचतात, तो म्हणाला. आम्हांला एकदम आपले क्षेत्र सापडल्यासारखे झाले. ती कोकणातली जाखडी असावी, तिला बाल्या नाचही म्हणतात, असे आम्ही उत्साहाने समजावले. त्याने 'जाखडी, जाखडी' असे दोनदा तोंडात घोळवून पाहिले आणि मान हलवली.

"नहीं मॅडम," तो हसून म्हणाला, "झाकरी."