लोखंडी स्क्रू आणि पापँचे वजन

गौरी यायला तीन दिवस होते. सातारा जिल्ह्यातील एका घरात माळ्यावरचा बारा लिटरचा जुना कुकर खाली उतरवण्यात आला. वर्षातून दोन-तीनदाच त्याला जमीन दिसे: गौरीचे पुरण, एखादे केळवण, कधी सत्यनारायण. सुनेने झाकण उजेडासमोर धरले. शिट्टीची नळी मोकळी आहे का, एवढेच तिला पाहायचे होते. तेव्हा तिच्या लक्षात आले की सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी एक लोखंडी स्क्रू आहे, आतून नट लावून घट्ट आवळलेला.

“आई, हे काय?”

“अगं, तो सारखा जायचा. तुझ्या सासऱ्यांनी बसवून घेतलं ते. तेव्हापासून एकदाही गेला नाही.”

आजींच्या उत्तरात तक्रार नव्हती, समाधान होते. तरीही हा कुकर गॅसवर चढला की आजी ओसरीवर जाऊन बसत, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. स्क्रूवर त्यांचा विश्वास होता; कुकरवर नव्हता. या विसंगतीच्या मागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो लंडनमध्ये सुरू होतो.

देनी पापँ हा १६४७ साली फ्रान्समधील ब्ल्वा या गावाजवळ जन्मलेला प्रॉटेस्टंट. शिक्षणाने वैद्य, वृत्तीने यंत्रे जुळवणारा. पॅरिसमध्ये त्याने क्रिस्तियान हायगेन्सच्या हाताखाली काम केले, नंतर लंडनला येऊन रॉबर्ट बॉइलचा सहायक झाला. दोघेही त्या काळी हवा, पोकळी आणि दाब यांच्या मागे लागले होते. पापँने त्यांच्याकडून विद्या घेतली आणि ती थेट स्वयंपाकघरात नेली. १६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एक भांडे मांडले: जाड धातूचे नळकांडे, स्क्रूने आवळलेले झाकण, आत पाणी. १६८१ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिले. त्याच्या नावाचा आशय असा की हे हाडे मऊ करणारे नवे पाचक-यंत्र आहे.

हाडेच का, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. गरिबाच्या वाट्याला मांस येत नसे, हाडे येत. हाडांत पोषण आहे, पण साध्या उकळण्याने ते पुरेसे सुटत नाही. पाणी उघड्या भांड्यात शंभर अंशांच्या पुढे जात नाही; जाळ कितीही वाढवा, वाफ निघून जाते, पाणी तेवढेच तापलेले राहते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. पापँकडे आजच्यासारखा तापमापक नव्हता. म्हणून त्याने झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब टाकला आणि तो किती वेळात आटतो हे लंबकाच्या झोक्यांनी मोजले. उष्णता मोजायची ही युक्ती इतकी साधी आहे की तिच्यापुढे अनेक महागडी उपकरणे ओशाळावीत. कोणता पदार्थ किती औंस कोळशात शिजला, हेही तो टिपून ठेवत असे.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांनी या यंत्रात शिजवलेले जेवण घेतले. रोजनिशीकार जॉन एव्हलिन पंगतीत होता. गाय-मेंढीची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, माशांचे काटे विनासायास खाता येत होते, आणि हे सारे पाव किलोहून कमी कोळशात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला सर्वांत आवडली ती कबुतरे. हाडांच्या रसाची एक पेलाभर जेली त्याने पत्नीसाठी घरी पाठवली. एखाद्या शोधाचे स्वागत विद्वानांनी पोट भरून करावे, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

मात्र कोंडलेली वाफ भांडे फोडूही शकते, हे पापँला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून त्याने झाकणाला एक छिद्र ठेवले, त्यावर झडप बसवली आणि झडपेवर तराजूच्या दांडीसारखी तरफ टाकून तिच्या टोकाला वजन अडकवले. दाब मर्यादेपलीकडे गेला की वाफ वजनाला उचलते, बाहेर पडते, दाब उतरतो आणि वजन पुन्हा जागेवर येते. सेफ्टी व्हॉल्व्हची ही जन्मकथा. आज कुकरच्या नळीवर बसणारी शिट्टी म्हणजे त्याच वजनाचा वंशज होय. शिट्टी वाजते तेव्हा आत काहीतरी बिघडलेले नसते. वजन आपले काम करत असते.

पापँचे स्वतःचे आयुष्य मात्र कोणत्याही झडपेने सावरले नाही. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फतवा रद्द केला आणि प्रॉटेस्टंटांना फ्रान्समध्ये थारा उरला नाही. पापँ मायदेशी परतू शकला नाही. तो जर्मनीत मारबुर्गला प्राध्यापक झाला. १६९० मध्ये त्याने वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना प्रसिद्ध केली. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. १७०७ मध्ये तो वल्ह्यांच्या चाकांची एक नाव घेऊन निघाला असता म्युंडेन येथील नावाड्यांनी ती मोडून टाकली. (ती वाफेवर चालत होती असे सर्रास सांगितले जाते, त्याला भक्कम आधार नाही, ती बहुधा हातांनीच चालवली जात होती.) तो लंडनला परतला तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन होता. पापँने प्रयोगांसाठी पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. जानेवारी १७१२ च्या एका पत्रानंतर त्याचा माग लागत नाही; २६ ऑगस्ट १७१३ या तारखेला लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या दफन-नोंदीत त्याचे नाव सापडते. गरिबाच्या हाडांतून रस काढू पाहणारा माणूस स्वतः दारिद्र्यात गेला.

त्याचे भांडे पुढे दोन वाटांनी गेले. एक वाट प्रयोगशाळेची. १८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शाँबेर्लाँ याने जंतू मारण्यासाठी ऑटोक्लेव्ह तयार केला. तो पापँच्या यंत्राचाच नातू. दुसरी वाट स्वयंपाकघराची, आणि ती भारतात पोहोचायला उशीर लागला. १९१० च्या सुमारास बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावर चालणारा इक्मिक कुकर बनवला. त्यात एकावर एक डबे वाफेवर शिजत, पण दाब नसे. खरा प्रेशर कुकर घरोघरी येऊ लागला तो १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज या नावांनी येथे उत्पादन सुरू झाल्यानंतर. रॉकेलसाठी रांगा आणि गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, अशा त्या काळात इंधन वाचवणारे भांडे ही चैन नव्हती. पापँ औंसांत कोळसा मोजत होता. मराठी गृहिणी सिलिंडर किती दिवस पुरला हे कॅलेंडरवर मोजत होती.

आता त्या घराकडे परत. नवा कुकर घ्यायचा ठरला आणि सुनेने आधी डाळीचा हिशेब मांडला. पुरणाला यंदा दोन किलो हरभऱ्याची डाळ. कोणताही कुकर दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये. डाळ-तांदळासारखे फेसाळणारे धान्य असेल तर निम्म्याच्या वर जाऊ नये. बारा लिटरचे निम्मे सहा लिटर. त्यात दीड किलो डाळ आणि चार लिटर पाणी निर्धास्त मावते. दोन किलो डाळ तिच्या पाण्यासह मावत नाही. म्हणजे दोन घाणे, किंवा याहून मोठा कुकर. पण मोठा कुकर घरच्या शेगडीवर डुगडुगतो, आणि भरलेल्या बारा लिटरलाही उचलायला दोन माणसे लागतात. दोन घाणेच ठरले. दुकानात मोठ्यात मोठा कुकर मागणाऱ्यांनी हे एकदा घरच्या बर्नरवर ठेवून पाहावे.

जुन्या व्हॉल्व्हचे कोडेही या हिशेबातच सुटले. सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्यभागी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. फेसाने शिट्टीची नळी तुंबून दाब भलताच चढला किंवा पाणी आटून भांडे कोरडे पडले की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. एकदा वितळला की नवा बसवावा लागतो. त्या घरात दोन्ही किलो डाळ एकाच वेळी काठोकाठ भरली जात होती. व्हॉल्व्ह ‘सारखा जात’ होता तो याच कारणाने. प्रत्येक वेळी त्याने घर वाचवले होते आणि प्रत्येक वेळी दोष त्यालाच दिला गेला. एके दिवशी कोणा दुरुस्तीवाल्याने आठ आण्यांच्या स्क्रूने त्याचे तोंड बंद केले.

नवा कुकर आयएसआय खुणेचा निवडला गेला, रुंद बुडाचा, कारण बुटके भांडे ज्योतीवर नीट बसते. त्याच्याबरोबर त्याच मापाची जादा गॅस्केट आणि त्याच कंपनीचा जादा सेफ्टी व्हॉल्व्हही. दुसऱ्या मापाची गॅस्केट ताणून बसवता येते हे खरे, पण मग वाफ कडेने निसटते, शिट्टी होत नाही आणि पाणी आटत राहते. झाकण आत बसणारे की बाहेरून, यावर घरात बराच वाद झाला. आतल्या झाकणाला दाब स्वतःच आवळून धरतो, त्यामुळे दाब असताना ते उघडत नाही. बाहेरच्याला हात घालणे सोपे. आजींच्या संधिवाताने निकाल दिला: बाहेरचे.

गौरीच्या दिवशी पहिला घाणा चढला. एवढ्या पाण्याला उकळी येऊन दाब धरायलाच अर्ध्या तासाच्या आसपास गेला. लहान कुकरच्या सवयीने शिट्ट्या मोजण्यात अर्थ नव्हता. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून सुनेने घड्याळ पाहिले. आत साधारण एकशेवीस अंश, बाहेर पावसाची रिपरिप. गॅस बंद झाल्यावर कोणी शिट्टी काट्याने उचलली नाही, गार पाणी ओतले नाही; दाब आपोआप उतरेपर्यंत थांबले. एवढ्या डाळीला ते लवकर होत नाही, तोवर कटाच्या आमटीचा मसाला वाटून झाला.

आजी पहिल्या घाण्याला ओसरीवरच होत्या. दुसऱ्या घाण्याच्या वेळी त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “ह्याची शिट्टी बारीक आहे गं.” जुन्या कुकरचे झाकण भंगारात गेले. भांडे मात्र त्यांनी जाऊ दिले नाही. त्यात आता तांदूळ असतात.