विशीतली जॅकलिन

चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे हे नाव निघालं की रसिक लगेच हळवे होतात. ऐन बहरात जडलेला आजार, अठ्ठाविसाव्या वर्षी सुटलेला चेलो, बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. मग तिने वाजवलेला संगीतकार एल्गरचा चेलो कन्चेर्तो लावायचा आणि म्हणायचं, बघा, पोरीला आधीच चाहूल लागली होती! मला हे मुळीच पटत नाही.

ते ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९६५ मधलं, लंडनच्या किंग्जवे हॉलमधलं. ती वीस वर्षांची, चांगली धडधाकट. सुरुवात चेलोच करतो, एकट्याने. चार भरदार सूरसंघात, गज असा दाबून ओढलेला की लाकूडसुद्धा घुमतं. थोड्या वेळाने व्हायोला एक झुलती धून धरतात, अगदी बिनसाथीची. ती हाती आल्यावर जॅकलिन जराही घाई करत नाही. पुढे चेलो एकेक सूर वर चढत जातो, टोकाला पोचतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा उसळून येतो. त्या चढाला मी अजून हातातलं काम ठेवून देतो.

एवढं दुःख विशीतल्या मुलीकडे आलं कुठून? एल्गरकडून. महायुद्ध संपल्यावर, साठी ओलांडलेल्या त्या माणसाने ते लिहून ठेवलं होतं. १९१९ चा पहिला प्रयोग तालमी अपुऱ्या पडल्याने फसला. त्या दिवशी लंडन सिम्फनीत चेलो घेऊन बसलेला एक पोरगा होता, जॉन बार्बिरोली. १९५६ साली अकरा वर्षांच्या जॅकलिनला सुग्गिया शिष्यवृत्ती दिली, त्या परीक्षकांत तोच. आणि १९६५ साली संचालनाची छडी त्याच्याच हातात, ऑर्केस्ट्राही तोच. शिवाय विल्यम प्लीथसारख्या गुरूकडे घोटून घेतलेली तालीम. भविष्याची चाहूल कशाला हवी?

आजार आला तो नंतर. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. जागा बोटालाच ठाऊक असावी लागते. १९७३ साली बोटांची जाणीवच जाऊ लागली, तेव्हा ती डोळ्यांनी जागा शोधत वाजवत होती. ऑक्टोबरात निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून तिने शिकवलं.

पण तिच्याबद्दल कुणी नव्याने विचारलं, तर मी आधी १९६९ चा क्रिस्टोफर न्यूपेनचा माहितीपट दाखवतो. शुबर्टचं ‘ट्राउट’ पंचक. पियानोवर नवरा डॅनिएल बारेनबॉइम, व्हायोलिन पर्लमन, व्हायोला झुकरमन, आणि डबल बास घेऊन आपला मुंबईचा झुबिन मेहता! एरवी छडी फिरवणारा हा माणूस व्हिएन्नात बास शिकला होता, हे तेव्हा आठवतं. मंचावर जायच्या आधी मंडळी एकमेकांची वाद्यं ओढून घेऊन नुसता धुडगूस घालतात, आणि त्यात जॅकलिन कुणाच्याही मागे नाही. हे पोटभर पाहून झालं, की मग खुशाल एल्गर लावावा.