एकही महिना रिकामा नको

कालचा अख्खा शनिवार कॅनडाच्या पीआरच्या फायलीत गेला. एक्सप्रेस एंट्रीचं आमंत्रण आलं की अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. वाटलं, पुष्कळ झाले. कसले पुष्कळ! बँकेच्या पत्रात ६ महिन्यांची सरासरी शिल्लक हवी. कंपनीच्या पत्रात पगार, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, सगळं हवं. नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही. खर्चासाठी एक्सेल शीट केली: आयईएलटीएस, पदवीचं मूल्यांकन, पोलिस क्लिअरन्स, कुरियर, अगदी झेरॉक्ससुद्धा.

अडलो ते गेल्या १० वर्षांच्या इतिहासापाशी. त्यात एकही महिना रिकामा सोडायचा नसतो. आणि २०२० मध्ये तीन महिने मला नोकरीच नव्हती. घरी सांगितलं होतं, वर्क फ्रॉम होम चालू आहे.

आई शेजारी बसून स्कॅनिंगसाठी कागदांच्या टाचण्या काढत होती. मी हळूच 'अनएम्प्लॉइड' टाइप केलं. तिने वाचलंच.

"माहितेय रे. लॅपटॉप उघडून नुसता बसायचास तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. हं, पुढचा कागद घे."

असो. तुम्ही फाइल करणार असाल, तर सुरुवात या इतिहासापासूनच करा. बाकीचे कागद मिळतात.