बुडवा आणि वाचवा!

नियमपुस्तकांतल्या चुका शोधायची मला भारी खाज. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठी तर चक्क एक्सेल शीट ठेवलीय!

१९९४च्या 'एन्सायक्लोपीडिया मॅजिका'त सगळीकडे 'मेज'चं 'विझर्ड' करताना 'डॅमेज'चं 'डॅविझर्ड' झालं. न बघता फाइंड-रिप्लेस मारला की हेच होणार! ही चूक निदान दिसते तरी.

२००३च्या ३.५ आवृत्तीतली मात्र लपलेली. बुडू लागलेल्याचे हिट पॉइंट ० होतात. उणे १०ला मरण. म्हणजे शब्दशः वाचलं, तर उणे ८वरचा मरणारा गडी पाण्यात बुडवला की ०वर, म्हणजे चक्क सुधारला!

मित्राचं दोन वर्षं जपलेलं पात्र मरत होतं, तेव्हा मी हाच नियम वाचून दाखवला. खेळ चालवणारा हसला. "नाही चालणार." पात्र गेलं, मित्र रुसला.

पण निवाडा बरोबरच होता. तिथे निदान विचार करणारा माणूस होता. माझा कोड मशीन शब्दशः वाचतं.. असो. उद्या सोमवार!