नव्या गळ्यातील जुनी गाणी

लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात सेंट मायकल चर्चचे सभागृह होते. तेथे २७ मे १९६७ रोजी काही पोरसवदा मुलांनी आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’. सायमन निकोल या गिटारवादकाच्या घराचे नाव ‘फेअरपोर्ट’ होते आणि तेथे ही मंडळी तालमीसाठी जमत, म्हणून हे नाव. चर्चच्या सभागृहात जन्मलेले असे वाद्यवृंद आम्हीही आमच्या धर्मग्रामांत पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांची मजल पुढच्या सणापर्यंतही जात नाही. हा मात्र टिकला. त्या संध्याकाळी श्रोत्यांत मार्टिन लँबल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. ड्रम वाजविणाऱ्यापेक्षा आपण सरस वाजवू, असे त्याने त्या मंडळींना पटविले आणि ती जागा त्याला मिळाली.

पुढे जूडी डायबल ही त्यांची गायिका झाली. सौम्य आवाजाची, जरा बुजरी मुलगी. गाण्याच्या मध्ये वाद्यांचे लांबलचक वादन सुरू झाले की ती रंगमंचावरच सुया घेऊन विणकाम करीत बसे. त्या काळी ही मुले अमेरिकन गीतकारांची गाणी आपल्या पद्धतीने गात आणि त्यांचे सारे लक्ष अमेरिकेतील रॉक वाद्यवृंदांकडे लागलेले असे. मे १९६८ मध्ये, पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच, जूडीला निघून जाण्यास सांगण्यात आले.

नव्या गायिकेसाठी चाचणी घेण्यात आली आणि सँडी डेनी ही एकवीस वर्षांची मुलगी समोर आली. काही काळ तिने रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, नंतर ती किंग्स्टनच्या कलाविद्यालयात दाखल झाली; परंतु तिची खरी शाळा म्हणजे लंडनमधील लोकगीतांचे छोटे अड्डे. तेथे ध्वनिवर्धकाचा आधार नसे, गिटारचा एखादा झंकार आणि बाकी सारा भार गळ्यावर. सांगतात की स्वतः गाऊन झाल्यावर तिने त्या मुलांनाही वाजवून दाखविण्यास सांगितले. परीक्षा कोणाची होती, हा प्रश्नच आहे.

त्याच वर्षी ह्या नव्या गायिकेसह दुसरी ध्वनिमुद्रिका तयार झाली व जानेवारी १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘सुट्टीत आम्ही काय केले’ अशा अर्थाचे, शाळकरी निबंधाला शोभेल असे तिचे नाव. वेष्टनावर खडूने फळ्यावर काढलेले चित्र आहे. एका विद्यापीठातील कार्यक्रमाच्या वेळी मिळालेल्या खोलीत फळा होता, त्यावर सँडी व तिच्या सोबत्यांनी ते रेखाटले. सेमिनरीतील अभ्यासाच्या वर्षांत एका वयोवृद्ध धर्मगुरूंकडून आम्हांस तिची कॅसेट मिळाली. फीत सैल झाली की पेन्सिलीने गुंडाळून घ्यावी लागे. जाणकार मंडळी ह्या वाद्यवृंदाची श्रेष्ठ कृती म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरातील ‘लीज अँड लीफ’चे नाव घेतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. पण आमचे मन ह्या आधीच्या तबकडीतच अधिक रमते. नवी सून घरात येऊन चार दिवस झाले आहेत, भांड्यांच्या जागा तिला अजून नीट ठाऊक नाहीत, आणि तरीही स्वयंपाकाची चव बदलली आहे हे घरच्यांना कळू लागले आहे, असे काहीसे येथे ऐकू येते.

पहिलेच गीत तिने स्वतः रचलेले आहे. त्याचे नाव ‘फॉदरिंगे’. नॉर्थॅम्प्टनशायरमधील ह्या गढीत ८ फेब्रुवारी १५८७ रोजी स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद झाला. कॅथॉलिक वाचकांना तिची कथा ठाऊक असेल. १५६८ मध्ये ती आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली आणि जवळजवळ एकोणीस वर्षे कैदेत राहिली. अखेरच्या घटकेला तिचे धर्मगुरू त्याच गढीत असूनही त्यांची भेट तिला नाकारण्यात आली. प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्याची प्रार्थना तिने स्वीकारली नाही आणि हातात क्रूस घेऊन ती लॅटिनमधून आपली प्रार्थना म्हणत राहिली. आज तेथे नेन नदीच्या काठी मातीचा एक उंचवटा तेवढा उरला आहे.

सँडीच्या गीतात ह्यांतले काहीही नाही. राणीचे नाव नाही, कुऱ्हाड नाही, धर्माचा वादही नाही. कैदेतील एका स्त्रीची संध्याकाळ आहे. उद्या ह्या वेळी ती फार दूर गेलेली असेल, एवढीच सूचना. मागे तारांचा नाजूक झंकार चालू राहतो आणि गळा कोठेही रडत नाही. राणी मेरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या बाजूने आणि विरुद्धही. पण मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी खिडकीपाशी उभे राहणाऱ्या माणसाचे एकाकीपण इतक्या संयमाने सांगितलेले आम्ही क्वचितच ऐकले आहे. गंभीर आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचे काम ज्यांना वारंवार करावे लागते, त्यांना हा संयम ओळखता येईल. त्यावेळी लेखिकेचे वय किती कोवळे होते, ह्याचे आम्हांस अजून नवल वाटते.

ह्या तबकडीवरील आणखी एक तुकडा आमच्या विशेष प्रीतीचा आहे. त्याचे नाव उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून आले आहे. दगडाची उशी करून झोपलेला याकोब स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे स्वप्न पाहून जागा होतो आणि ह्या ठिकाणी प्रभू होता हे आपल्याला कळलेच नाही म्हणून भयभीत होतो, तो प्रसंग. ह्या तुकड्यात शब्द नाहीत. तारेवरून घसरत जाणारी गिटार, तिच्यासोबत गुणगुणणारा गळा आणि मध्येच नाणी पडल्याचा आवाज. मूळ धून टेक्सासमधील ब्लाइंड विली जॉन्सन ह्या अंध प्रवचनकार-गायकाची. रस्त्याच्या कडेला गाऊन पोट भरणाऱ्या ह्या माणसाने १९२७ मध्ये ती मुद्रित केली, तेव्हा गेथसेमनी बागेतील प्रभूच्या वेदनेवरील एका जुन्या स्तोत्राचे नाव तिला दिले होते. स्तोत्राचे शब्द गळून पडले, हुंकार राहिला. पुढे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीचे संगीत अवकाशात पाठविले गेले, त्यात त्याच्या ह्या हुंकाराचा समावेश आहे. नाण्यांचा तो आवाज ऐकताना आम्हांस मात्र चर्चच्या फाटकाशी बसणारी माणसे आठवतात. मिस्सा आटोपल्यावर घाईने बाहेर पडताना त्यांच्या गाण्याकडे कोणाचे लक्ष असते!

परंतु सँडीने ह्या घरात आणलेली खरी शिदोरी म्हणजे जुनी लोकगीते. ‘नॉटमन टाउन’ हे असेच एक गाणे. इंग्लंडमधून गेलेल्या लोकांनी ते अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात नेले आणि केंटकीतील रिची कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यातील प्रत्येक वाक्य उलटसुलट, एकमेकांना खोडणारे. जणू कोड्यांची माळ. दुसरे ‘शी मूव्ह्ज थ्रू द फेअर’, आयर्लंडमधील. लग्नाची वाट पाहणाऱ्या प्रियकराच्या त्या गाण्यात शेवटी मृत्यूची पावले इतकी हलकी वाजतात की प्रथम ऐकणाऱ्याला ती कळतही नाहीत. अड्ड्यांवर अशी गाणी एकट्याने, हातचे राखून गायली जात. येथे त्यांच्यामागे विद्युत गिटार आणि ड्रम उभे राहिले, तरी गाण्याला धक्का लागला नाही. मार्टिन लँबलचे वादन त्यासाठी मुद्दाम ऐकावे. त्याने गळ्याला कोठेही झाकले नाही.

अमेरिकेकडे डोळे लावून बसलेल्या ह्या मुलांना आपल्या आजीपणजीची गाणी बाहेरून आलेल्या मुलीकडून कळली, ह्यात आम्हांस फारसे आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडेही जुन्या लग्नगीतांची सर्वांत पक्की आठवण पुष्कळदा दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनांनाच असते. पुढे कार्यक्रमापूर्वी सँडी एक जुने खलाशांचे गीत गुणगुणत असे. एकेक जण त्यात वाद्य मिसळू लागला, आणि त्यातून अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण एकाच दमात सिद्ध झाले. ते तिसऱ्या तबकडीवर आहे.

ती तबकडी जुलै १९६९ मध्ये निघाली, तेव्हा मार्टिन ह्या जगात नव्हता. १२ मे १९६९ रोजी बर्मिंगहॅमहून कार्यक्रम करून परतताना महामार्गावर त्यांची गाडी उलटली. मार्टिन आणि गाडीतील एक तरुणी मरण पावली. तो एकोणीस वर्षांचा होता. सँडी त्या गाडीत नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस तीही वाद्यवृंद सोडून गेली आणि आपल्या नव्या वाद्यवृंदाला तिने ‘फॉदरिंगे’ हेच नाव दिले. १९७४ मध्ये ती काही काळ परतली. २१ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तान्ही मुलगी मागे ठेवून ती गेली.

आणि जूडी? गायकवृंदात नवा आवाज आला की सारे धर्मग्राम त्याचे कौतुक करते. पूर्वी त्या जागी उभी राहणारी मुलगी आता कोणत्या बाकावर बसते, हे विचारण्याचे काम बहुधा धर्मगुरूवर येते. म्हणून आम्ही तिचा शोध घेतला. तिच्या जाण्याने ही सुंदर तबकडी शक्य झाली, हे खरे आहे. तिला जा म्हणणे तिच्या जिव्हारी लागले असणार, हेही खरे आहे. पहिल्या सत्याने दुसरे पुसले जात नाही. ती बराच काळ संगीतापासून दूर राहिली, पुन्हा गाऊ लागली, आत्मचरित्र लिहिले आणि जुलै २०२० मध्ये निवर्तली.

‘मीट ऑन द लेज’ हे ह्या तबकडीवरील शेवटून दुसरे गीत. रिचर्ड थॉम्पसनने ते विशीच्या आतच रचले. निघून गेलेल्या मित्रांच्या पुनर्भेटीविषयीचे ते गीत ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी गावच्या वार्षिक मेळ्याच्या समारोपाला हजारो लोक उभे राहून गातात. त्या मेळ्यात जूडीही एकाहून अधिक वेळा जुन्या सोबत्यांसमवेत गायली आहे. तबकडीवर मात्र त्या गीतानंतर सायमन निकोलच्या गिटारचा एक लहानसा तुकडा आहे. त्यात कोणीच गात नाही.